जुना पीसी, नवं ब्रॉडबँड: आधी तार, मग बाकीचं

वाचकाचं पत्र: महिन्याभरापूर्वी घरी फायबरचं ब्रॉडबँड आलं. मोबाइल वायफायवर झकास चालतात. पण आतल्या खोलीतला आमचा जुना कॉम्प्युटर (पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबी हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी) काही केल्या जोडला जात नाही. पूर्वी त्याच्यावर टेलिफोनच्या वायरीनं इंटरनेट चालायचं. तीच वायर नव्या डब्याच्या ‘फोन’ लिहिलेल्या भोकातून कॉम्प्युटरच्या मागे लावली, तर ‘एरर ६८०, डायल टोन नाही’ असं येतं. जोडणी करायला आलेला मुलगा ‘हा भंगारात काढा’ म्हणून गेला. शेजारी म्हणतात, वायफायची कांडी लावा. राउटरपासून कॉम्प्युटर साधारण १२ मीटरवर आहे. त्यात कित्येक वर्षांचे फोटो आहेत आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली कागदपत्रं. मला बातम्या वाचायच्या, मेल बघायची, अधूनमधून व्हिडिओ. जमेल का?

उत्तर: जोडणी जमेल, आणि फारशी अवघडही नाही. पण तुमच्यापुढे खरं तर दोन कामं आहेत. कॉम्प्युटर राउटरला जोडणं हे पहिलं, ते लॅन केबलनं (राउटर आणि कॉम्प्युटर थेट जोडणारी तार) एका दुपारात होतं. जोडल्यावर आजच्या वेबसाइट उघडणं हे दुसरं, आणि ते एक्सपीवर नीट होणार नाही. ही दोन्ही एकत्र धरली की माणूस केबल बदलत बसतो आणि दोष निघतो ब्राउझरमध्ये. म्हणून पहिलं पूर्ण करून, तपासून, मगच दुसऱ्याकडे वळा.

आधी ती टेलिफोनची वायर काढा. ती जिथे लावली आहे ते मोडेमचं कार्ड आहे. मोडेम फोनच्या लाइनवर नंबर फिरवतो, पलीकडे दुसरा मोडेम उचलतो, आणि जास्तीत जास्त ५६ केबीपीएसनं बोलणं चालतं. फायबरच्या डब्यावरचं ‘फोन’ हे भोक आवाजी टेलिफोनसाठी असतं आणि फोनची सेवा सुरू नसेल तर त्यावर डायल टोनही येत नाही. तुमचा एरर ६८० तेच सांगतो आहे. डायल टोन आला असता तरी उपयोग नव्हता, कारण पलीकडे उचलायला कोणी नाही. ब्रॉडबँडला मोडेम कार्ड लागतच नाही. लागतं ते लॅन कार्ड.

आता बॅटरी घेऊन कॉम्प्युटरच्या मागे बघा. मोडेमवर टेलिफोनची दोन अरुंद भोकं असतात. लॅनचं भोक दिसायला तसंच, पण अंगानं रुंद आणि आत आठ सोनेरी पट्ट्या असलेलं. बाजूला बहुतेक वेळा दोन छोटे दिवे. ते यूएसबीच्या भोकांच्या वर किंवा शेजारी असेल तर मदरबोर्डवरच लॅन आहे, कार्ड विकत घ्यायची गरज नाही. पेंटियम ४ च्या बऱ्याच बोर्डांवर ते असतं, फक्त डायल-अपच्या काळात कोणी वापरलेलं नसतं. एक सावधगिरी: टेलिफोनची पिन लॅनच्या रुंद भोकातही बसते, थोडी सैल पण बसते. तेव्हा पिन बसली म्हणजे वायर योग्य जागी लागली, असं समजू नका.

भोक आहे पण विंडोजला दिसत नाही, असं झालं तर दोन शक्यता. एक, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी बोर्डाची मूळ सेटिंग) ते बंद करून ठेवलेलं असतं. कॉम्प्युटर सुरू होताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ किंवा तत्सम नावाच्या पानावर ‘ऑनबोर्ड लॅन’ शोधा, ‘एनेबल्ड’ करा, सेव्ह करून बाहेर पडा. दोन, ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) नाही. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. तिथे पिवळ्या खुणेसह ‘इथरनेट कंट्रोलर’ दिसला तर हेच कारण. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ या पानावर एक लांबलचक क्रमांक असतो. त्यात ‘व्हेन’ या अक्षरांनंतरची चार चिन्हं चिप कोणाची ते सांगतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. ‘डेव्ह’नंतरची चार चिन्हं म्हणजे नेमकं मॉडेल. हे आठ अक्षर-आकडे कागदावर उतरवून घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच मॉडेलचा एक्सपीचा ड्रायव्हर आणा. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली हवी. ३२ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि साधा एक्सपी त्या वाचत नाही.

भोकच नसेल तर पीसीआय लॅन कार्ड घाला. रिअलटेक ८१३९ या चिपचं, १०/१०० वेगाचं कार्ड मिळालं तर उत्तम, कारण त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीपासून आहे आणि लिनक्सलाही (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली, तिच्याकडे पुढे येऊ) ते पाठ आहे. कार्ड घेताना खात्री करा की ते जुन्या पीसीआय स्लॉटचं आहे, पीसीआय एक्सप्रेसचं नाही. दोन्ही नावं सारखी, खाचा वेगळ्या. बोर्डावर पीसीआय स्लॉट बहुधा पांढरे, साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि एकाखाली एक ओळीत असतात. वर एखादा तपकिरी, जरा आत सरकलेला स्लॉट असेल तर तो एजीपी, डिस्प्ले कार्डाचा. त्याच्या वाटेला जाऊ नका.

बसवायची रीत अशी. कॉम्प्युटर बंद करून भिंतीतली वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेटची बाजू उघडून लोखंडी पत्र्याला हात लावा, मगच आतल्या वस्तूंना. मोडेम कार्डाचा मागचा स्क्रू काढून ते सरळ वर ओढून काढलंत तर तोच स्लॉट लॅन कार्डाला मिळेल. नवं कार्ड दोन्ही टोकांना सारखा जोर देत खाली दाबा. सोनेरी दाते स्लॉटमध्ये पूर्ण गेले आणि वरची पट्टी कॅबिनेटच्या कडेला टेकली की स्क्रू आवळा. सर्वांत नेहमीची चूक इथेच होते: मागची पट्टी कॅबिनेटमध्ये अडकून राहते, कार्डाचं एक टोक किंचित वर उचललेलं असतं, आणि विंडोज म्हणतं कार्डच नाही.

कॅबिनेट उघडलंच आहे तर दोन मिनिटं आत नीट बघा. प्रोसेसरच्या आसपास उभे, छोट्या पिंपांसारखे कपॅसिटर दिसतील. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. एखाद्याचं डोकं फुगलंय, वरची चीर उघडलीय किंवा तपकिरी डाग बाहेर आलाय, तर बोर्ड शेवटच्या टप्प्यात आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या बोर्डांमध्ये हा दोष इतका पसरला होता की तुमच्या मशीनच्या वयाला तो तपासलाच पाहिजे. फुगलेले दिसले तर पुढचं सगळं सोडा, फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढा आणि या मशीनवर आणखी खर्च करू नका.

केबल कॅट ५ई दर्जाची, दोन्ही टोकांना पिना बसवलेली तयार घ्या. अंतर १२ मीटर म्हणता, पण दाराच्या चौकटीवरून आणि कोपऱ्यांतून फिरवताना ते वाढतं. १५ मीटर घ्या, कोपरे जास्त असतील तर २०. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे लांबीनं वेग कमी होण्याची भीती नको. विजेच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका, दाराच्या फटीत चेंगरू नका, आणि कोपऱ्यावर कागदाच्या घडीसारखी मोडू नका, सैल वळण द्या. एक टोक राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात जाईल. त्याच्या शेजारी वेगळ्या रंगाचं ‘वॅन’ असेल, तर त्यात नाही.

दोन्हीकडे केबल टोचली आणि कॉम्प्युटर चालू केला की भोकाजवळचा दिवा लागला पाहिजे. दिवा नाही म्हणजे विंडोजशी भांडण्यात अर्थ नाही. केबलची पिन ‘टक’ आवाज होईपर्यंत बसली आहे का, राउटरचं दुसरं भोक चालतं का, केबल दुसऱ्या यंत्रावर चालते का, हे बघा. दिवा लागला की पुढे.

कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये ‘लोकल एरिया कनेक्शन’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. यादीतल्या ‘इंटरनेट प्रोटोकॉल’वर डबल क्लिक करा आणि दोन्ही ठिकाणी ‘ऑटोमॅटिकली’चा पर्याय निवडा, आयपी पत्त्यासाठी (नेटवर्कवर कॉम्प्युटरला मिळणारा क्रमांक) आणि डीएनएससाठीही (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडा शोधणारी सेवा). कोणीतरी कधीकाळी तिथे हातानं आकडे भरून ठेवलेले असतील तर ते पुसले जाऊ द्यात.

डायल-अप वापरलेल्या मशीनमध्ये आणखी एक हमखास अडथळा असतो. इंटरनेट ऑप्शन्समध्ये ‘कनेक्शन्स’ हे पान उघडा. जुन्या डायल-अप जोडणीपुढे ‘ऑलवेज डायल’ निवडलेलं असेल तर ब्राउझर उघडताच नंबर फिरवायची खिडकी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते, केबल ठणठणीत असूनही. ‘नेव्हर डायल अ कनेक्शन’ निवडा, हवं तर ती जोडणी पुसूनच टाका. त्याच पानावर ‘लॅन सेटिंग्ज’मध्ये प्रॉक्सीची खूण असेल तर काढा. आणि ‘न्यू कनेक्शन’ करून ब्रॉडबँडचं युजरनेम-पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये भरायचा मोह टाळा. मोबाइल वायफायवर चालतात म्हणजे ते काम राउटर करतो आहे. दोघांनी एकच लॉगिन करायचा प्रयत्न केला तर एकाला नकार मिळतो.

आता तपासणी. स्टार्ट, रन, त्यात सीएमडी (सगळं रोमन अक्षरांत) लिहून एंटर. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. आयपी पत्ता १९२.१६८ नं किंवा १० नं सुरू होत असेल तर राउटरनं तुम्हाला ओळखलं. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून उत्तरच आलं नाही म्हणून विंडोजनं स्वतःच एक आकडा घेतला. मग केबल, ड्रायव्हर किंवा एखादी जुनी फायरवॉल. काही बंद पडलेले अँटिव्हायरस मुदत संपल्यावरही फायरवॉल अडवून बसतात, तसा असेल तर काढून टाका. पत्ता बरोबर असेल तर त्याच यादीतल्या ‘डिफॉल्ट गेटवे’च्या, म्हणजे राउटरच्या, आकड्याला पिंग करा (हाक मारून उत्तर येतं का बघा), म्हणजे ‘पिंग’ लिहून जागा सोडून तो आकडा. उत्तर आलं तर राउटरपर्यंत रस्ता मोकळा. मग ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या एका पत्त्याला, पिंग करा: उत्तर आलं तर तुम्ही इंटरनेटवर पोहोचलात. शेवटी एखाद्या वेबसाइटचं नाव पिंग करा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ येतं, तर डीएनएस चुकला आहे. नाव सापडून आकडा दिसला पण उत्तर नाही आलं, तर काळजी नको; काही साइट पिंगला उत्तरच देत नाहीत. या तपासण्या पार झाल्या की पहिलं काम झालं.

शेजाऱ्यांच्या कांडीबद्दल. आम्ही ती या मशीनला सुचवणार नाही. आजकालच्या बहुतेक यूएसबी वायफाय कांड्यांना एक्सपीचा ड्रायव्हरच मिळत नाही. मिळाला तरी डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षा पद्धतीच्या पासवर्डसाठी एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ असलेला बरा (माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं), आणि राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जोडणी होणारच नाही. वर यूएसबी १.१ चं भोक असेल तर कागदावरचा वेगच १२ एमबीपीएस. केबल ओढणं खरोखर अशक्य असेल तर दुसरी युक्ती करा: लॅनचं भोक असलेला वायफाय रिपीटर घ्या, किंवा घरात पडलेला जुना राउटर ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ पद्धतीनं लावा. तो मोबाइलवरून घरच्या वायफायला जोडा आणि त्याच्या लॅन भोकातून हातभर केबल कॉम्प्युटरला द्या. वायफायचा पासवर्ड, सुरक्षा, लहरी, सगळं तो डबा बघतो. कॉम्प्युटरला वाटतं आपण केबलवरच आहोत. त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही.

वेगाची खंतही करू नका. १०० एमबीपीएसचं कार्ड म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट. तुमचं ब्रॉडबँड याच्या तिप्पट वेगाचं असलं तरी पेंटियम ४ ला तेवढं पचवणंच जड आहे.

दुसऱ्या कामाकडे वळण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. बरीच वर्षं बंद-चालू झालेल्या मशीनमध्ये बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, आणि प्रत्येक वेळी तारीख २००२ किंवा तशीच काहीतरी होते. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमच्या घड्याळाच्या हिशोबानं ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. सेल बदला, तारीख-वार नीट करा. सेलची अधिक खुणेची बाजू वर.

तारीख बरोबर, पिंगला उत्तर, तरी ‘पेज कॅनॉट बी डिस्प्लेड’? हा एक्सपीचा दोष, तुमचा नाही. वेबसाइट आणि ब्राउझर एकमेकांशी सांकेतिक भाषेत बोलतात. एक्सपीतल्या इंटरनेट एक्सप्लोररला त्या भाषेची टीएलएस १.० ही जुनी आवृत्ती येते, आणि आजच्या साइट किमान १.२ मागतात. शिवाय नव्या प्रमाणपत्रांवर ज्यांच्या सह्या असतात त्या संस्थांची नावं एक्सपीच्या यादीत नाहीत. क्रोम एक्सपीसाठी ४९ या आवृत्तीवर थांबला, फायरफॉक्स ५२ ईएसआर या लांब मुदतीच्या आवृत्तीवर. या दोहोंत फायरफॉक्स बरा, कारण तो टीएलएस आणि प्रमाणपत्रांची यादी स्वतःची आणतो, विंडोजवर विसंबत नाही. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हनं आणून लावलात तर बातम्यांच्या काही साइट उघडतील, काही अर्धवट दिसतील, काही नाहीच.

पण त्यावर मुक्काम करू नका. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टनं अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. यावरून धोका किती होता ते कळेल. राउटरच्या आडोशामुळे बाहेरून थेट कोणी तुमच्या मशीनवर येत नाही हे खरं. पण तुम्ही स्वतः उघडलेलं पान किंवा मेलमधली फाइल राउटर अडवत नाही. एक्सपीवर बँकेचं काम, खरेदी, मुख्य मेलचा पासवर्ड टाकणं, हे करूच नका. ‘मी फक्त एकदाच’ हेसुद्धा नाही.

मग इलाज लिनक्स. त्याआधी फोटो बाहेर काढा. इतक्या जुन्या हार्ड डिस्कवर काहीही नवं बसवण्यापूर्वी हे करायचंच. यूएसबी २.० असेल तर २० जीबी फोटो अर्ध्या तासात बाहेरच्या डिस्कवर जातात. १.१ असेल तर सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट, म्हणजे तेवढ्यालाच साडेपाच तास. रात्री लावून झोपा. कागदपत्रांबरोबर ‘विंडोज’ फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे आख्खं फोल्डरही कॉपी करा. तुमची मराठी कागदपत्रं युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत, शिवाजी वगैरे, टाइप केलेली असतील तर त्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरं-चिन्हं साठवलेली असतात आणि मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट हरवला की पत्राच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे एक्सपीवर चालणारी लिब्रेऑफिसची ५.४ ही शेवटची आवृत्ती पेनड्राइव्हनं आणून बसवा आणि महत्त्वाची कागदपत्रं तिच्यातून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच गुंडाळला जातो, मग कुठल्याही मशीनवर अक्षरं तशीच दिसतात.

रॅम वाढवता आली तर वाढवा. ५१२ एमबीत आजचा ब्राउझर एक पान उघडता उघडता हार्ड डिस्क घासायला लागतो. २ जीबी झाली तर मशीन वापरण्याजोगं होतं. बोर्डावर डीडीआर आहे की डीडीआर२ हे आधी बघा: पहिल्याला १८४ पिना, दुसऱ्याला २४०, खाच वेगळ्या जागी, एकमेकांत बसत नाहीत. जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल दाखवूनच नवी घ्या. वापरलेली मिळाली तरी चालेल.

तुमच्या प्रोसेसरसाठी अँटीएक्स २३ या लिनक्सची ३२-बिट ‘फुल’ आवृत्ती घ्या. ती डेबियन १२ या मोठ्या लिनक्सवर बेतलेली आहे, हलकी आहे, आणि पेंटियम ४ मध्ये एसएसई२ सूचना (प्रोसेसरला समजणारे काही खास आदेश) असल्यामुळे तिच्यावर फायरफॉक्सही चालतो. (पेंटियम ३ किंवा अॅथलॉन एक्सपी नावाचा प्रोसेसर असता तर त्यात त्या सूचना नाहीत, म्हणून आम्ही इथेच थांबा म्हटलं असतं.) मात्र हेही स्पष्ट सांगायला हवं की ३२-बिटचा रस्ता संपत आला आहे. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर येत नाही, आणि ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ ही शेवटची नेहमीची आवृत्ती. त्यापुढे १४० ईएसआर ही लांब मुदतीची शाखा, तीही २०२६ मध्ये आटोपती घेण्याचं मोझिलानं जाहीर केलं होतं. म्हणून केबल, सेल आणि मिळाली तर जुनी रॅम, एवढ्यापुरताच खर्च करा. या मशीनसाठी नवी एसएसडी, नवं डिस्प्ले कार्ड असलं काही घेऊ नका. नंतरच्या काही पेंटियम ४ मध्ये ६४-बिटची सोय होती. तुमचा त्यांतला निघाला तर ६४-बिट अँटीएक्स घ्या, वाट बरीच लांबते.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर अँटीएक्सची आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकच फाइल) उतरवा. ती सीडीवर मावत नाही, डीव्हीडीवर लिहा, किंवा रुफस या प्रोग्रामनं ४ जीबीच्या पेनड्राइव्हवर. तेव्हा पार्टिशन पद्धत ‘एमबीआर’ निवडा. जुन्या बायोसना पेनड्राइव्हवरून सुरू होणं अनेकदा जमत नाही. बूट यादीत ‘यूएसबी-एचडीडी’ दिसत नसेल तर वेळ न घालवता डीव्हीडी वापरा. ड्राइव्हवर नुसतं ‘सीडी-रॉम’ लिहिलेलं असेल तर तो डीव्हीडी वाचणार नाही, एवढं आधी बघून घ्या.

लगेच बसवू नका, आधी ‘लाइव्ह’ चालवा. हार्ड डिस्कवर काहीही न लिहिता सगळं डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरून वाचत चालतं, म्हणून सावकाश चालेल, धीर धरा. लॅन केबल लावलेली असेल तर जोडणी आपोआप होते. फायरफॉक्स उघडून बातम्यांचं पान, मेल, मराठी अक्षरं, आवाज हे बघा. इथे एक फायदा आणखी आहे: एक्सपीत नेट चालत नाही आणि लाइव्हमध्ये चालतं, तर केबल-कार्ड निर्दोष आणि गडबड एक्सपीच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये, हे ठरतं.

पटलं तर बसवा. एक्सपी ठेवून शेजारी बसवायचं असेल तर आधी एक्सपीत चेकडिस्क चालवून विंडोज व्यवस्थित बंद करा, मग लाइव्हमधल्या जीपार्टेड या प्रोग्रामनं एक्सपीचा भाग आकसून २० जीबी जागा मोकळी करा. त्यातले २ जीबी ‘स्वॅप’ला (रॅम कमी पडली की वापरायची जागा) द्या. बसवणी संपली की सुरुवातीला यादी येते, लिनक्स की एक्सपी. जुन्या मराठी फॉन्टच्या फाइली लिनक्समध्ये तुमच्या होम फोल्डरात ‘.फॉन्ट्स’ (सुरुवातीला टिंब, नाव रोमनमध्ये) या नावाचं फोल्डर करून त्यात टाका. लिब्रेऑफिस पुन्हा उघडलं की वर्डमधली जुनी पत्रं बहुतेक नीट दिसतात.

व्हिडिओबद्दल अपेक्षा माफक ठेवा. ३६०पी चालेल, ७२०पी अडखळेल. ते अडखळणं इंटरनेटचं नसतं. हल्लीचे व्हिडिओ उलगडायला लागणारी खास यंत्रणा त्या काळच्या डिस्प्लेत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. अडखळल्यावर राउटर बंद-चालू करत बसू नका, दर्जा एक पायरी खाली करा. ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीनच टॅब ठेवा आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बसवा. जुन्या मशीनवर त्यानं पडणारा फरक रॅमच्या नव्या पट्टीइतका जाणवतो.

आणि एक्सपी जुन्या कामांसाठी ठेवलात तर त्याचं इंटरनेट तोडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. ते बंद राहतं फक्त एक्सपीत, लिनक्समध्ये कार्ड चालतच राहतं. एक्सपीतून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात आणि लॅनचा दिवा लागला नाही, तर काही बिघडलेलं नसतं: काही रिअलटेक कार्डं विंडोजनं झोपवली की तशीच झोपून राहतात. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतली वायर दहा सेकंद काढून पुन्हा लावा, दिवा लागेल.